मेरीबरोमधलं जुनं खाणकामगाराचं छोटं घर विकायला आहे, घ्यावं का?

निशिगंध

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

आम्ही चार वर्षं ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ टार्नेटमध्ये भाड्याने राहतोय, मागच्या वर्षी पीआर (कायम राहायची परवानगी) आली तेव्हापासून दर शनिवारी घरं बघणं चालू आहे. मेल्टन, विंडहम वेल, सगळीकडे फिरून झालं. जे आवडतं ते झेपत नाही आणि जे झेपतं त्यात शिरल्या शिरल्या जीव घुसमटतो. मागच्या लाँग वीकेंडला सहज मेरीबरोला, सोन्याच्या खाणींच्या जुन्या गावात, गेलो होतो, तिथलं ते मोठं जुनं रेल्वे स्टेशन लेकीला दाखवायला. परत निघताना एका गल्लीत विक्रीचा बोर्ड दिसला आणि नेमकं तेव्हाच घर बघायला उघडं होतं.

खाणकामगाराचं घर म्हणतात तसलं आहे, मायनर्स कॉटेज. लाकडी फळ्यांचं, वर पत्रा, पुढे छोटा व्हरांडा, दारातून आत गेलं की डावीउजवीकडे एकेक खोली आणि मागे उतरत्या छपराखाली स्वयंपाकघर, त्याला लागून नंतर काढलेलं बाथरूम. बस एवढंच. पण ९०० चौरस मीटर जागा आहे आणि मागे जर्दाळूचं जुनं झाड! अपेक्षित किंमत ३ लाख ४० हजार डॉलर. एजंट म्हणाला १८९०च्या आसपासचं घर आहे.

नवऱ्याला आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जावं लागतं, मी चाइल्डकेअरमध्ये आहे त्यामुळे मला काम कुठेही मिळेल असं वाटतं. लेक पुढच्या वर्षी प्रेपला (शाळेच्या पहिल्या वर्गाला) जाईल. म्हणजे आम्ही खरंच तिकडे राहायलाच जाऊ, भाड्याने द्यायला नको आहे.

आता मनात जे खटकतंय ते सांगते. परसात मागच्या कुंपणाजवळ पिवळट पांढऱ्या बारीक वाळूचा उंचवटा आहे, आम्ही घर बघत होतो तेवढा वेळ लेक त्यातच खेळत बसली होती. आणि स्वयंपाकघरापासून चार-पाच पावलांवर जमीन ताटासारखी खोलगट झालीये, पालापाचोळा साठलाय. एजंटला विचारलं तर म्हणाला पूर्वी बहुतेक तिथे बागेतलं तळं असेल. साताऱ्याला बाबांना व्हिडिओ दाखवला, ते जन्मभर पाटबंधारे खात्यात होते, ते एवढंच म्हणाले, "खाणीच्या गावात घराआधी जमीन बघ गं." तेव्हापासून झोप नाही. घर मात्र मनातून जात नाहीये. कुणी असल्या गावात घर घेतलंय का? काय काय बघायचं?

हिशेबनीस

अभिनंदन ताई, आधी पैशाचं सांगतो कारण ते सोपं आहे, जमिनीचं जाणकार सांगतील.

तुम्ही दोघांनी आधी कधी घर घेतलं नसेल आणि राहायला जाणार असाल तर व्हिक्टोरियात ६ लाखांपर्यंत स्टँप ड्युटी पूर्ण माफ आहे, फक्त घर ताब्यात आल्यावर १२ महिन्यांच्या आत राहायला जायचं आणि सलग १२ महिने राहायचं. १०,००० डॉलरची फर्स्ट होम ग्रँट मात्र मिळणार नाही, ती फक्त नव्या घरांना आहे, आमच्या ओळखीतल्या दोघांनी ती धरून हिशेब केला होता आणि शेवटी पळापळ झाली. ५ टक्के डिपॉझिटवाली सरकारी हमी १ ऑक्टोबर २०२५ पासून पहिलं घर घेणाऱ्या सगळ्यांना खुली झालीये, उत्पन्नाची अट गेली, मेलबर्न-जिलाँगबाहेर घराच्या किमतीची मर्यादा साडेसहा लाख आहे म्हणजे तुम्ही बसता. पण या हमीतही घर त्या बँकेच्या पसंतीला उतरावं लागतं, आणि छोट्या गावांतल्या किंवा खाणीच्या गावांतल्या काही पोस्टकोडला काही बँका हात आखडता घेतात, जास्त डिपॉझिट मागतात. म्हणून प्रीअप्रूव्हल (कर्जाची आगाऊ मंजुरी) घेताना नुसती रक्कम सांगू नका, पत्ता सांगा आणि जुनं लाकडी घर आहे हेही सांगा.

आणखी एक, पुढेमागे मन बदललं आणि "राहू दे, वीकेंडला जाऊ" असं झालं तर सगळा हिशेब बदलतो. ड्युटीची माफी जाते, स्वतः राहत नसलेल्या घरावर लँड टॅक्स लागतो (२०२४ पासून त्याची मर्यादा ३ लाखांवरून ५०,००० वर आणलीये, तीही नुसत्या जमिनीच्या किमतीवर) आणि वर्षात सहा महिन्यांहून जास्त रिकामं राहिलं तर रिकाम्या घराचा वेगळा कर, तो आधी फक्त मेलबर्नच्या काही भागांत होता, २०२५ पासून सगळ्या राज्यात आहे.

ज्यांची पीआर अजून आली नाही आणि जे हे वाचतायत त्यांच्यासाठी, १ एप्रिल २०२५ पासून टेम्पररी व्हिसावाल्यांना जुनं घर विकत घ्यायला बंदी आहे. कॉटेज कितीही स्वस्त दिसलं तरी.

मातीवाला

निशिगंध ताई, तुमचे बाबा बरोबर बोलले. मी जिओटेक्निकल कामात आहे, गोल्डफील्ड्समध्ये बरीच वर्षं जमिनी तपासल्या. तुम्ही ज्या दोन गोष्टी लिहिल्यात त्या वाचूनच मी लॉगिन झालो.

पहिली, खोलगट भाग. मेरीबरोला सोनं सापडलं १८५४ मध्ये. तिथलं बरंचसं काम गाळातल्या सोन्याचं होतं, म्हणजे जुन्या ओढ्यांच्या पात्रात साठलेलं, मातीखाली दडलेलं सोनं. त्यासाठी माणसं विहिरीसारखे उभे खड्डे खणत सुटली, माणूस उतरेल एवढ्या रुंदीचे, एकेका ओघळीत शेकडो. सोनं मिळालं नाही की तो सोडायचा आणि शेजारी दुसरा खणायचा. सोडलेले खड्डे कसे बुजवले? वर ओंडके टाकले, पत्रा टाकला, झाडाच्या फांद्या, कचरा, मग माती. पन्नास-शंभर वर्षांनी ते लाकूड कुजतं, वरची माती हळूहळू खाली सरकते आणि जमिनीवर तुम्ही लिहिलंत तसं ताट दिसायला लागतं. मोठा पाऊस झाला की कधीकधी एका रात्रीत तोंड उघडतं. प्रत्येक खोलगट जागा शाफ्ट, म्हणजे असा खाणीचा उभा खड्डा, असते असं अजिबात नाही, झाडाचं खोड काढलेलं असू शकतं, जुना संडास, खरंच तळंही असू शकतं. पण सोन्याच्या गावात ती शाफ्ट नाही हे दाखवेपर्यंत मी तिला शाफ्टच धरतो. आणि कृपा करून लेकीला तिथे उभी राहू देऊ नका.

काय करायचं? राज्य सरकारचा जिओव्हिक नावाचा ऑनलाइन नकाशा आहे, फुकट, त्यात नोंदलेल्या जुन्या खाणी आणि शाफ्ट ठिपक्यांनी दिसतात. आज रात्रीच बघा. फक्त एक लक्षात घ्या, ठिपका असेल तर धोका आहे, ठिपका नसेल तर सुरक्षित आहे असं मात्र नाही, कारण असल्या हजारो खड्ड्यांची कधीच कुठे नोंद झाली नाही. कौन्सिलला विचारा. आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, मला तरी सगळ्यात खरी माहिती त्यांच्याकडूनच मिळत आली, "इथे माझा भाऊ बाटल्या टाकायचा" असं कुणीतरी सांगतं आणि खड्डा तिथेच निघतो. खाजगी जमिनीवरचा शाफ्ट ही मालकाची जबाबदारी असते, म्हणजे तुम्ही घेतलंत की तुमची. आणि घराच्या विम्याच्या बऱ्याच पॉलिसीत जमीन खचणं वगळलेलं असतं, ते बारीक अक्षर वाचल्याशिवाय सही नको.

दुसरी, ती पिवळी वाळू. मला तीच जास्त छळतेय. सोन्याचा दगड स्टँप बॅटरीत कुटायचे, पाण्याने धुवायचे, सोनं काढून उरलेली बारीक भुकटी टाकून द्यायचे. इकडच्या सोन्याच्या दगडात सोन्याबरोबर आर्सेनोपायराइट नावाचं खनिज असतं, त्यात आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल. दगडात बंद असतो तोवर गप्प असतो, कुटून भुकटी केली की वाऱ्या-पाण्याला मोकळा होतो. ही वाळू फुकट मिळायची म्हणून लोकांनी अंगणात पसरली, रस्त्यांना टाकली, भरावाला वापरली, लहान पोरांच्या सँडपिटमध्येसुद्धा घातली. दिसायला इतकी छान असते की पोरं हमखास तिकडेच जातात.

ऑस्ट्रेलियात घराच्या बागेतल्या मातीसाठी आर्सेनिकची तपासणीची पातळी १०० मिलिग्रॅम प्रति किलो आहे आणि शिशाची ३००. त्यावर आकडा गेला म्हणजे लगेच विषबाधा होते असं नाही, पुढे नीट तपासायला हवं एवढाच त्याचा अर्थ. पण टेलिंग्जमध्ये, म्हणजे असल्या टाकून दिलेल्या वाळूत, यापेक्षा कितीतरी जास्त आर्सेनिक सापडतं. मातीचे नमुने चार-पाच ठिकाणचे घ्या, वरच्या दहा सेंटिमीटरमधले, वेगवेगळ्या पिशवीत: उंचवटा, जर्दाळूखाली, जिथे भाजी लावाल तिथे, घराच्या भिंतीला लागून. भिंतीजवळचा नमुना शिशासाठी, कारण १९७०च्या आधीच्या रंगात शिसं भरपूर असायचं आणि जुना रंग खरवडला की तो भिंतीच्या पायाशीच पडतो. मान्यताप्राप्त लॅबकडून करून घ्या. मॅक्वेरी युनिव्हर्सिटीचा व्हेजसेफ नावाचा उपक्रमही आहे, तिथे बागेची माती पाठवता येते, पण घर घ्यायचं असेल तेव्हा लॅबचा रिपोर्टच हातात हवा.

बेंडिगोची राधा

अगं निशिगंध, तुझं वाचताना मला आमचंच घर आठवलं. आम्ही सहा वर्षांपूर्वी बेंडिगोत असंच घेतलं, तीन खोल्यांचं वेदरबोर्ड (लाकडी फळ्यांचं), आणि मी ते सोडून कुठेही जाणार नाही हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून घाबरू नकोस.

आम्ही मातीची तपासणी घर घेतल्यावर केली. चुकलंच. पुढचं अंगण ठीक निघालं, मागे आर्सेनिक त्या शंभरच्या जवळजवळ तिप्पट. मी तोवर एक अख्खा सीझन मेथी, कोथिंबीर, मुळे काढून खाल्ले होते त्याच मातीतले! त्या दिवशी खूप रडले. मग डॉक्टरांशी बोललो, सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, सगळं ठीक आलं. मग शिकले की मुख्य भीती हात-तोंडाची आणि धुळीची असते, लहान मुलं माती हाताळतात आणि तोच हात तोंडात. आता भाजी फक्त उंच वाफ्यात, खाली जाड कापड आणि बाहेरून आणलेली माती. मागची उघडी जमीन कुठेच ठेवली नाही, गवत नाहीतर लाकडी भुगा. चपला दाराबाहेर, ते तर आपण तसंही करतोच. फरशी ओल्या फडक्याने पुसते, झाडू नाही. कोंबड्या पाळायच्या होत्या, त्या नाही पाळल्या, कारण त्या दिवसभर मातीच टिपतात आणि ते अंड्यात उतरतं. टाकीतलं पाणी फक्त झाडांना, छताला जुनी शिशाची पट्टी आहे ना म्हणून.

आता घराचं. ही घरं लाकडी खुंटांवर उभी असतात, स्टंप म्हणतात, बहुतेक रेड गमचे. शंभर वर्षांनी ते खालून कुजतात नाहीतर वाळवी खाते. ओळखायचं कसं? दारं आपोआप उघडतात किंवा अडकतात, फरशीवर गोटी ठेवली की एका बाजूला पळते, छताजवळ भेगा. आमचं पूर्ण रीस्टंपिंग करावं लागलं, सिमेंटचे स्टंप घातले, घर जॅकवर उचलतात तेव्हा भिंती कडकड आवाज करतात आणि प्लास्टरला नव्या भेगा पडतात, म्हणून आतलं रंगकाम त्याच्या आधी चुकूनही करू नकोस. मागचं बाथरूम नंतरचं आहे म्हणालीस ना, तर तिथे अॅस्बेस्टॉसचे पत्रे असण्याची दाट शक्यता. १९९०च्या आधीच्या कुठल्याही कामात असू शकतो, पूर्ण बंदी २००३च्या शेवटच्या दिवशी आली. नुसता असला तर लगेच काही होत नाही, पण भोकं पाडायची नाहीत, घासायचं नाही. विजेचा बोर्ड बघ, जुन्या पोर्सेलिनच्या फ्यूजचा असेल तर तो खर्च धर.

आणि थंडी! या घरात जुलैमध्ये सकाळी पाय खाली टाकवत नाही. फळ्यांच्या भिंतीत इन्सुलेशन नसतंच. आम्ही छतात आणि जमिनीखाली घातलं, तेव्हा कुठे घर राहण्यासारखं झालं.

एवढं सगळं असूनही संध्याकाळी व्हरांड्यात बसते ना, समोर रस्ता, कुणीतरी जाता येता हात करतं, मला माझ्या आजोळच्या ओसरीची आठवण येते. टार्नेटमध्ये शेजारच्याचं नाव माहीत नव्हतं मला.

परतलेला

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

आम्ही अशाच एका जुन्या सोन्याच्या गावात घर घेतलं आणि दोन वर्षांत विकून परत आलो. घराचं काही वाईट नव्हतं. घर छोटं होतं, आवडतं होतं, माती पण चांगली निघाली. पण घराची किंमत कमी का असते हे आम्ही स्वतःला विचारलंच नाही. सोनं संपलं, मग कारखाने आले, मग तेही आटले, गावात काम कमी राहिलं. तुमच्या मिस्टरांना आज दोनच दिवस ऑफिसला जावं लागतं. माझे दोनाचे चार दिवस झाले एका मेलवर, आणि मग मी पहाटे साडेचारला उठायला लागलो. मेरीबरो मेलबर्नपासून १६५-१७० किलोमीटर आहे. ट्रेन आहे, पण दिवसाला मोजक्याच, बॅलरॅटला बदलायची, चुकली की संपलं. तिकीट स्वस्त झालंय हे खरं, मार्च २०२३ अखेरपासून अख्ख्या राज्यात रोजच्या भाड्याला मेलबर्नचीच मर्यादा आहे, पण तिकिटाने वेळ वाचत नाही.

बायको एकटी पडली. जीपीची, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरची, अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी. लेकाच्या वर्गात तो एकटाच आपल्यासारखा दिसणारा, पोरं वाईट नव्हती, पण तो मराठी बोलायचा बंद झाला. आणि विकायला काढलं तेव्हा पाच महिने गिऱ्हाईक नाही. मेलबर्नमध्ये चूक झाली तर घर विकून बाहेर पडता येतं, छोट्या गावात ते घर तुम्हाला धरून ठेवतं. म्हणून म्हणतो, आधी सहा महिने त्याच गावात भाड्याने राहा. जुलै-ऑगस्ट त्यात यायला हवेत.

कॅसलमेनची मावशी

परतलेला, तुमचं दुःख समजतं हो. मराठी बंद होणं फार लागतं. पण सगळ्यांचं तसं होतं असं नाही, मी बावीस वर्षं इकडे आहे, आमच्याकडे महिन्यातून एकदा बॅलरॅट, बेंडिगो, कॅसलमेन असे नऊ कुटुंबं जमतो, कुणाच्या तरी घरी वरणभात आणि भजन. निशिगंध, मेरीबरो आमच्यापासून फार लांब नाही, आलीस तर तुला एकटी पडू देणार नाही.

मला तुला कागदाचं सांगायचंय कारण आमच्या वेळी मी त्यात भोगलंय. ही घरं अशी वाकडीतिकडी का उभी आहेत माहितीये? सुरुवातीला खाणवाल्यांना महिन्याला ३० शिलिंगचा परवाना घ्यावा लागायचा, पोलीस तंबूतंबूत फिरून तपासायचे, त्यावरूनच बॅलरॅटला १८५४च्या डिसेंबरात युरेकाचा उठाव झाला. त्यानंतर १८५५ मध्ये परवाना जाऊन मायनर्स राइट आला, वर्षाला एक पौंड. त्यात सोनं खणायचा हक्क, मतदानाचा हक्क, आणि सरकारी जमिनीच्या तुकड्यावर झोपडी बांधून राहायचा हक्क. म्हणजे आधी माणूस राहायला लागला, चूल मांडली, झाडं लावली, आणि मोजणी, पट्टा वगैरे कितीतरी नंतर. म्हणून कुंपण एकीकडे आणि कागदावरची हद्द दुसरीकडे असं या गावांमध्ये फार असतं. आमचं अर्धं न्हाणीघर शेजाऱ्याच्या जमिनीत निघालं. शेजारी देवमाणूस म्हणून निभावलं. तू कन्व्हेयन्सरकडून (घराच्या खरेदीचे कागद बघणारा) टायटल प्लॅनची मापं घे आणि टेप घेऊन कुंपण मोज, फरक आला तर सर्व्हेअर बोलाव.

आणि हो, लाकडी घरं तेव्हा उचलून नेत असत. एका गावातलं सोनं संपलं की घर सुटं करून गाडीवर घालून पुढच्या गावी. त्यामुळे १८९०चं घर म्हणजे ते १८९० पासून तिथेच आहे असं समजू नकोस. त्याच्याखालची जमीन तोवर खणली गेलेली असू शकते.

एजंट तोंडी काय म्हणाला ते सोडून दे. मेलवर विचार, "या जागेत शाफ्ट, भराव किंवा खाणीची वाळू असल्याचं मालकाला माहीत आहे का?" मार्च २०२० पासून कायद्यात असं आहे की घेणाऱ्याच्या निर्णयावर परिणाम होईल अशी गोष्ट माहीत असून लपवता येत नाही. तोंडी विचारलं की तळं होतं, लेखी विचारलं की उत्तर जपून येतं बघ.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस गेले, आज सगळं एकदम लिहितेय.

जिओव्हिकवर बघितलं. आमच्या जागेवर ठिपका नाही, पण मागच्या गल्लीत तीन आहेत, एका रांगेत. सेक्शन ३२, म्हणजे विकणाऱ्याने जागेची माहिती द्यायचा कागद, हातात आलं. टायटलमध्ये "डेप्थ लिमिटेशन १५.२४ मीटर" असं लिहिलंय, म्हणजे काय? जमीन खाली पंधरा मीटरपर्यंतच आमची? शिवाय हेरिटेज ओव्हरले (जुन्या वास्तू जपायचा नियम) आहे. मावशींनी सांगितलं तशी मेल केली एजंटला, तीन दिवसांनी उत्तर आलं की मालकाला "निश्चित माहिती नाही". तळ्याचा उल्लेखच नाही आता.

शनिवारी परत गेलो. या वेळी मी आत गेलेच नाही, बाहेरच फिरले. समोरच्या घरात एक आजी राहतात, नव्वदीच्या असतील, त्यांनी चहाला बोलावलं. त्या म्हणाल्या की लहानपणी त्या खड्ड्यात दगड टाकून आवाज ऐकायचा त्यांचा खेळ होता. नंतर कुणीतरी जुन्या गाद्या, पत्रे, राख टाकून तो भरला. मी ऐकतच राहिले.

परतलेला दादा, तुमचा मेसेज आम्ही दोघांनी दोनदा वाचला. ह्यांनी मॅनेजरला लेखी विचारलंय वर्क फ्रॉम होमबद्दल.

मातीवाला

दगड टाकून आवाज ऐकायचा म्हणजे ताई, आता शंकेला जागा नाही, तो शाफ्टच. आणि गाद्या-राखेने भरलेला म्हणजे भरलेला नाहीच समजा, गाद्या कुजल्या की परत बसणार.

१५.२४ मीटर म्हणजे पन्नास फूट. साधारण १८९२ पासून सरकारने जमिनी देताना पन्नास फुटांच्या खालचा भाग स्वतःकडे ठेवायला सुरुवात केली. त्याने राहणाऱ्याला रोजच्या जगण्यात काही फरक पडत नाही, घाबरू नका. खनिजं तर पन्नास फुटांच्या वरची असली तरी सरकारचीच. हेरिटेज ओव्हरलेने बाहेरच्या दर्शनी बदलांना, पाडकामाला, मागे वाढवायला कौन्सिलची परवानगी लागेल.

प्रश्न आहे तो स्वयंपाकघराचं अंतर. चार-पाच पावलं म्हणजे तीनेक मीटर. जुन्या शाफ्टचं तोंड वर अरुंद असतं पण मऊ मातीत बाजू ढासळून खाली भोपळ्यासारखी पोकळी होते, शिवाय तळाशी आडवे बोगदे मारलेले असतात सोन्याच्या थराबरोबर, त्यांची दिशा वरून कळत नाही. ऑफर द्यायची असेल तर कॉन्ट्रॅक्टमध्येच अटी घाला: बिल्डिंग आणि वाळवी तपासणी, माती, आणि जिओटेक इंजिनिअरला शाफ्ट तपासायला मालकाची परवानगी. कूलिंग ऑफवर (सहीनंतर माघार घ्यायची मुदत) विसंबू नका, ते तीनच कामाचे दिवस असतात, माघार घेतली तर किमतीच्या ०.२ टक्के जातात (तुमच्या किमतीला ६८० डॉलर), लिलावात तर तेही मिळत नाही. तीन दिवसांत लॅबचा रिपोर्ट येत नाही.

बेंडिगोची राधा

त्या आजींना माझ्याकडून नमस्कार सांग गं. त्यांनी किती मोठं काम केलं तुझं!

निशिगंध

शेवटचं लिहितेय या घराबद्दल.

मालकाने मातीला परवानगी दिली, शाफ्ट उकरायला दिली नाही. मातीचा रिपोर्ट आला. पुढचं अंगण शंभरच्या खूप खाली. जर्दाळूखाली थोडं वर. वाळूचा उंचवटा चार आकडी. चार आकडी! मी तो कागद हातात घेऊन लेकीकडे बघत बसले, ती त्यात पाऊण तास खेळली होती, मी तिच्या नखांतली वाळू बघून हसले होते. डॉक्टरांना दाखवून आणलं, एवढ्या वेळेने काळजीचं कारण नाही म्हणाले, तरी त्या रात्री तिला जवळ घेऊनच झोपले.

वाळूचं आम्ही केलं असतं. उचलून नेण्याचे, नाहीतर झाकून टाकण्याचे मार्ग असतात हे मातीवाला दादांनी फोनवर नीट समजावलं. स्टंप, अॅस्बेस्टॉस, थंडी, तेही केलं असतं, राधा करू शकते तर मीही करीन. पण ज्या स्वयंपाकघरात मी रोज उभी राहणार त्याच्याखाली काय आहे हे बघूच देत नाहीत म्हटल्यावर ह्यांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं आणि विषय संपला. ऑफर दिली नाही. एजंटला मातीचा रिपोर्ट आणि आजींनी सांगितलेलं दोन्ही लेखी पाठवलं, म्हणजे पुढचं कुणी लहान मूल घेऊन आलं तर त्यांना तळं होतं असं सांगता येणार नाही.

ह्यांच्या मॅनेजरचं उत्तर आलं, दोन दिवस पक्के, दोन वर्षांसाठी, लेखी. म्हणून परतलेला दादांचं ऐकून मे ते ऑक्टोबर तिथेच भाड्याने राहायचं ठरवलंय, त्या आजींच्याच रस्त्यावर एक युनिट मिळतंय. एका चाइल्डकेअरला फोन केला तर त्यांनी लगेच भेटायला बोलावलं. बाबांना सांगितलं, ते म्हणाले उन्हाळ्यात येतो, जमीन बघायला. जवळच मोलियागुलला १८६९ मध्ये जमिनीखाली जेमतेम एक इंचावर ७२ किलोचा सोन्याचा गोळा सापडला होता, हे त्यांनी कुठेतरी वाचलंय आणि त्यांना ती जागा बघायचीच आहे.

मावशी, भजनाचा पुढचा दिवस कोणता ते कळवा. आणि शनिवारी टेकडीच्या बाजूला दोन घरं बघायला चाललोय. टेप, पिशव्या आणि जिओव्हिकची प्रिंट घेतलीये. आधी परसदार बघणार, मग आत जाणार.